तेरड्याचा रंग आणि तेरड्याचं बी



‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण आपल्या घराघरांत चालते. नातवानं नव्या उत्साहानं व्यायाम सुरू केला की आजी म्हणते, नव्या भांड्यांचं कौतुक ओसरलं की जाऊबाई म्हणतात. न टिकणाऱ्या सगळ्या गोष्टी बिचाऱ्या तेरड्याच्या नावावर जमा झाल्या आहेत. मी बी.कॉम. झालेली बाई, वनस्पतिशास्त्र काही शिकलेली नाही. पण कुणाच्या खात्यावर काही मांडलेलं दिसलं की ते बरोबर आहे का, हे पडताळून बघायची सवय अजून जात नाही. म्हणून गेली काही वर्षं तेरड्याबद्दल जे जे वाचायला मिळालं ते वाचत गेले. आमच्या परसात तो दर पावसाळ्यात असतोच, त्यामुळे वाचलेलं समोर पाहताही आलं. तोच हिशेब आज तुमच्यापुढे मांडते.

कोणता तेरडा?

रोपवाटिकेत कुंडीतला बुटका, गुलाबासारख्या भरगच्च पाकळ्यांचा तेरडा मिळतो. मी लिहिते आहे तो आपला जुना, उंच, एकेरी फुलांचा तेरडा. पावसाळ्यात सातारा जिल्ह्याच्या घाटवाटांवर, शिराळ्याकडच्या डोंगरउतारांवर, ओढ्याकाठी, बांधावर तो कुणी न लावता येतो. खोड जाड आणि पाणीदार, उन्हाकडे धरलं तर आरपार उजेड दिसावा असं. पानं लांबट, कडा करवतीसारख्या. पानाच्या बेचक्यात गुलाबी नाहीतर जांभळट फूल, आणि फुलाच्या मागे मधाची बारीक वाकडी नळी. चांगली माती मिळाली तर झाड कमरेपर्यंत येतं. हिंदीत याला गुलमेंदी म्हणतात. शास्त्रीय नाव इम्पेशन्स बाल्समिना, आणि मूळ घर भारत व आसपासचा प्रदेश.

इथे एक घोटाळा होतो तो आधीच सोडवते. साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर भाद्रपदात जो गुलाबी-जांभळा गालिचा दिसतो त्यालाही सगळे तेरडाच म्हणतात. तो याच घराण्यातला, पण वेगळा. त्याचं नाव इम्पेशन्स लॉवी. तो ठेंगणा, कातळावरच्या बोटभर मातीत वाढणारा, आपल्या सह्याद्रीतच सापडणारा. तेरड्याच्या या घराण्यात जगभरात हजारावर जाती आहेत. परसातला तेरडा आणि कासचा तेरडा हे त्यातले चुलत भाऊ समजा. एक सगळ्या जगात जाऊन राहिला, दुसऱ्यानं आपलं पठार सोडलं नाही.

गौरीची पावलं

आपल्याकडे तेरड्याला मान मिळतो तो भाद्रपदात. अनुराधा नक्षत्रावर गौरी येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर त्यांचं पूजन होतं, मूळ नक्षत्रावर त्या जातात. बऱ्याच घरांत मुखवट्याच्या गौरी असतात, पण कित्येक घरांत तेरड्याचीच गौर असते. तेरड्याची रोपं मुळांसकट आणायची, आणि ती मुळं म्हणजे गौरीची पावलं मानायची. अशी ही तीन दिवसांची माहेरवाशीण. तीन दिवसांत मुळं सुकतात, पाकळ्या गळतात. म्हणीतले ‘तीन दिवस’ इथूनच आले असतील असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण उपटलेल्या तेरड्याला तीन दिवसच असतात हे मात्र खरं.

आपल्या बायकांना याच दिवसांत एक वेगळाच पेच पडतो. भाद्रपद शुद्ध पंचमीपासून चतुर्दशीपर्यंत आपलं दशलक्षण पर्व. गौरी नेमक्या याच दिवसांत येतात. एरवीही आपण झाड उपटताना दोनदा विचार करतो, कारण वनस्पती एकेंद्रिय असली तरी जीवच आहे. पर्वात तर हिरवी भाजीही ताटातून काढलेली असते. आणि त्याच वेळी शेजारच्या काकू दारात उभ्या राहून मोठ्या आशेनं विचारतात, “वहिनी, गौरीला चार तेरडे मुळासकट देता का?”

आमच्या सासूबाईंनी यावर काढलेली तोड मला आजही शहाणपणाची वाटते. आषाढ लागला की त्या तेलाच्या जुन्या डब्याला तळाशी भोकं पाडून त्यात माती भरत आणि चार-पाच तेरडे त्यातच लावत. गौरी आणायच्या दिवशी काकू तो डबाच घेऊन जात. त्याला बाहेरून रंगीत कागद नाहीतर खण गुंडाळला की झालं. काकू म्हणायच्या, “गौरीची पावलं मातीतच बरी.” चौथ्या दिवशी डबा परत यायचा आणि झाड पुढे महिनाभर फुलत राहायचं. त्यांची गौर झाली, आमचा नेम राहिला, आणि झाड बी धरून आपल्या वेळेला गेलं. तेरड्याचा रंग तीन दिवसांचा नसतो हे मला पहिल्यांदा कळलं ते त्या डब्यामुळे. एक फूल दोन-चार दिवसांचं असेल, पण झाड खालून वर बेचक्याबेचक्यातून फुलत जातं.

सातासमुद्रापलीकडे

आता जुन्या नोंदींकडे वळते. १५९७ साली लंडनमध्ये जॉन जेरार्ड यांचा वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ छापला गेला. त्यात तेरडा आहे. म्हणजे सोळावं शतक संपण्याआधीच आपला हा परसातला तेरडा युरोपच्या बागांत पोचला होता. शिवाजी महाराजांच्या जन्माला तेव्हा अजून तेहतीस वर्षं होती, यावरून काळाचा अंदाज येईल.

त्यानंतरची नोंद मला फार जवळची वाटते. केरळच्या किनाऱ्यावर डचांचा अंमल असताना हेंड्रिक व्हान रेडे नावाचा त्यांचा अधिकारी कोचीनला होता. त्यानं मलबारातल्या झाडांची चित्रं आणि माहिती जमवून ‘हॉर्टस मलबारिकस’ नावाचा ग्रंथ करवला. १६७८ ते १६९३ या काळात त्याचे बारा खंड ॲमस्टरडॅमला छापले गेले. झाडांची माहिती दिली ती इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्यानं, आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनी. या तिघांनी १६७५ साली लिहून दिलेलं प्रशस्तिपत्र ग्रंथात जसंच्या तसं छापलं आहे, आणि ते कोकणी भाषेत, नागरी लिपीत आहे. डच ग्रंथात आपल्या ओळखीची अक्षरं पाहून मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

या ग्रंथात तेरड्याच्या घराण्यातली झाडं ‘ओनापू’ या मल्याळी नावानं येतात. ओनापू म्हणजे ओणमचं फूल. आपल्याकडे ते गौरीचं, तिकडे ओणमचं. दोन्ही सण पावसाळ्याच्या उतरणीचे, कारण फुलाचं पंचांग दोन्हीकडे एकच.

१७५३ साली स्वीडनच्या कार्ल लिनियस यांनी झाडांना दोन शब्दांची शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रूढ केली. तेव्हा तेरड्याला ‘इम्पेशन्स’ हे नाव पक्कं झालं. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ ‘उतावळा’. कारण त्याचं पिकलेलं बोंड. लहानपणी आपण सगळ्यांनी ते दाबून बघितलं आहे. बोट लागायचा अवकाश, बोंड पाच फाकांत फुटतं, फाकी आतल्या बाजूला गुंडाळतात आणि बी लांब उडतं. आपण म्हणतो तेरडा टिकत नाही, साहेब म्हणतात तेरड्याला धीर नाही. दोघांनीही त्याला नावच ठेवलं. पण उडालेलं बी पुढच्या पावसापर्यंत मातीत वाट बघत पडून असतं, तो धीर कुणाच्या लक्षात आला नाही.

१७६७ सालच्या एप्रिलमधली एक नोंद अमेरिकेतली आहे. पुढे तिथले राष्ट्राध्यक्ष झालेले थॉमस जेफरसन तेव्हा विशीतले तरुण होते. ते बागेची वही ठेवत. कोणत्या तारखेला काय पेरलं, काय उगवलं, काय फुललं, सगळं त्यात लिहीत. त्या वहीत पेरलेल्या फुलांच्या यादीत दुहेरी पाकळ्यांचा तेरडा आहे. ‘दुहेरी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. युरोपातल्या माळ्यांना भरगच्च फुलं आवडली, म्हणून ज्या झाडाला जास्त पाकळ्या येतील त्याचंच बी ते राखत गेले. पुढे कॅमेलियाच्या फुलासारखे तेरडे आले, मग बुटके आले. आज रोपवाटिकेत आपण जो घेतो तो हा परदेशात शिकून परत आलेला तेरडा. तो दिसतो छानच. पण फूल जितकं भरगच्च, तितकी मधाची वाट झाकलेली, आणि बीही कमी. आपला एकेरी तेरडा साधा दिसतो, पण त्याच्यावर भुंगे, मधमाश्या आणि फुलपाखरं दिवसभर असतात.

नखांवरचा रंग

पूर्वेकडे तेरडा गेला आणि तिकडच्या बायकांनी त्याला नखांवर घेतलं. चिनी भाषेत त्याचं एक नावच ‘नखांचं फूल’ असं आहे. कोरियात मुली उन्हाळ्याच्या शेवटी तेरड्याच्या पाकळ्या आणि पानं तुरटीबरोबर वाटून नखांवर ठेवतात आणि रात्रभर बांधून ठेवतात. सकाळी नखं केशरी-लाल. हे काही जादूचं नाही. मेंदीला रंग देणारं लॉसोन नावाचं द्रव्य तेरड्यातही असतं. गुलमेंदी हे हिंदी नाव उगीच पडलेलं नाही.

कोरियातली समजूत अशी, की नखावरचा हा रंग पहिला बर्फ पडेपर्यंत राहिला तर मनातलं पहिलं प्रेम पुरं होतं. उन्हाळ्याच्या शेवटापासून पहिल्या बर्फापर्यंत म्हणजे दोन-तीन महिने तरी झाले. आपल्याकडे ज्याचा रंग तीन दिवस, त्याच फुलाचा रंग तिकडे टिकण्याची परीक्षा बघायला वापरतात.

१९१० ते १९४५ या काळात कोरियावर जपानची सत्ता होती. होंग नान-पा या संगीतकारानं १९२० साली केलेल्या चालीवर पुढे तेरड्याच्या फुलाचं गाणं बसवलं गेलं. कुंपणाजवळचं हे साधं फूल त्या काळात कोरियन लोकांना आपल्या देशाच्या दुःखाची आणि आशेची खूण वाटलं. ते गाणं आजही तिथे सगळ्यांना माहीत आहे. न टिकणारं म्हणून आपण ज्याला हिणवलं, त्याच्याकडे बघून एका देशानं पस्तीस वर्षं धीर धरला, असं मी समजते.

कागदावर न राहणारं फूल

इंग्रजी अमदानीत आपल्या भागातल्या झाडांची नोंद करणारे बरेच जण होऊन गेले. डालझेल आणि गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ साली निघाला. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागाभागांनी निघाला आणि अभ्यासक अजूनही तो उघडतात. कासच्या तेरड्याचं ‘लॉवी’ हे नाव जॉन सदरलँड लॉ या मुंबई इलाख्यातल्या सनदी अधिकाऱ्याच्या नावावरून आलं. नोकरी सांभाळून ते झाडं गोळा करत. हे नाव देणाऱ्या दोघांपैकी एक होते जोसेफ हूकर. पुढे ते लंडनजवळच्या किव इथल्या प्रसिद्ध वनस्पती उद्यानाचे प्रमुख झाले.

हूकर ९४ वर्षं जगले आणि १९११ साली गेले. आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी तेरड्याच्या घराण्याच्या अभ्यासाला दिली. या घराण्यानं त्यांना फार छळलं. कारण सोपं आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ झाड कागदात दाबून वाळवतात आणि त्यावरून अभ्यास करतात. तेरड्याचं फूल इतकं नाजूक आणि पाणीदार, की दाबलं की पाकळ्या एकमेकींना चिकटतात, आकार जातो, रंग जातो. जगभरातून आलेले कागद समोर, आणि त्यावर फुलाऐवजी डाग. पंचवीस-तीस वर्षांच्या माणसाला कंटाळा यावा असं ते काम हूकर नव्वदीत करत होते.

हे वाचलं आणि तेरड्याचा इतिहास मला एकदम वेगळा दिसायला लागला. गुलाबाचं गुलकंद होतं, अत्तर होतं. मोगऱ्याची वेणी होते. झेंडूचं तोरण सुकलं तरी आठ दिवस दारावर राहतं. तेरड्याचं काहीच साठवता येत नाही. फुलदाणीत तो मान टाकतो, वहीत दाबला तर डाग उरतो. त्याला राखायचा एकच मार्ग आहे, दर वर्षी पेरणं. चारशे वर्षं तो परसांत राहिला याचा अर्थ असा, की या चारशे वर्षांत कुणी ना कुणी दर पावसाळ्यात त्याच्यासाठी हातभर जागा सोडली आणि दर हिवाळ्याआधी त्याचं बी पुडीत बांधून ठेवलं. जेरार्ड, व्हान रेडे, लिनियस, हूकर यांची नावं ग्रंथांत आहेत. पुडी बांधणाऱ्या बायकांचं नाव कुठेच नाही. ते नसल्याचं मला वाईट वाटत नाही, पण काम त्यांचं होतं एवढं तरी आपण ओळखावं.

आणि म्हणूनच तो सहज नाहीसाही होऊ शकतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत महापूर आला. आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फुटांच्या वर पातळी गाठली. आमच्या परसात छातीइतकं पाणी होतं. आठवड्यानं पाणी उतरलं तेव्हा सगळीकडे गाळ, आणि तेरडा सडून गेलेला, बी धरायच्या आधीच. वरच्या फळीवरचा बियांचा डबाही भिजून गेला होता. घरातल्या बाकीच्या नुकसानीपुढे ही गोष्ट कुणाला सांगण्यासारखीही नव्हती. पण साताऱ्याची माझी अक्का धान्य, चादरी घेऊन आली, तेव्हा तिनं पिशवीतून एक कागदाची पुडी काढून दिली. सासूबाईंनी कधीकाळी तिला दिलेल्या बियांचा वंश तिच्या परसात चालू होता. ते बी २०२० च्या मृगात आमच्याकडे परत रुजलं. ठेव दोन ठिकाणी असावी हे मी पैशांच्या बाबतीत शिकले होते, बियांच्या बाबतीत अक्कानं शिकवलं.

पुरानंतर आमच्या गल्लीत बऱ्याच जणांनी परसात फरशी नाहीतर पेव्हर ब्लॉक घातले. गाळ धुवायला सोपं जातं, त्यात त्यांचं चुकलं असं नाही. पण मातीत पडलेलं बी त्याच्याखाली गेलं. आज गल्लीत उंच तेरडा असलेली घरं एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. शेजारच्या काकूंच्या सुनेला गौरीसाठी आता आमचाच डबा लागतो.

घरी लावायचा तर

हे वाचून कुणाला लावावासा वाटला तर एवढं सांगते.

बी मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की टाकावं. वर चिमूटभर माती भुरभुरली तरी पुरे, खोल पुरू नये. आठवडाभरात उगवतं, आणि दीड-दोन महिन्यांत म्हणजे श्रावणात फुलायला लागतं. सांगलीची माती काळी, पाणी धरून ठेवणारी. त्यात खोड बुडाशी कुजतं. म्हणून वाफा वीतभर उंच करावा, त्यात थोडी तांबडी माती, थोडी वाळू आणि शेणखत मिसळावं. साताऱ्यात जमिनीला उतार असतो, तिथे एवढं करावं लागत नाही. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली त्याला मानवते. उंच झाड वाऱ्यानं मोडतं, कारण मुळं वरवरची असतात. भिंतीच्या आडोशाला लावावं किंवा बाजूला काठी रोवावी.

दाट उगवलं तर विरळणी करावी लागते. मी रोपं उपटून टाकत नाही. चार बोटं उंच झाली की पावसाच्या दिवशी मातीच्या गोळ्यासकट उचलते आणि वाटून टाकते. रोपाच्या देठावरून रंगाचा अंदाजही करता येतो. देठ लालसर तर फूल गडद, देठ फिका हिरवा तर फूल पांढरं किंवा फिकं. मागणाऱ्या मैत्रिणीला हवा तो रंग देता येतो.

भाद्रपदाच्या सुमाराला त्यावर एक मोठी गडद रंगाची अळी येते. अंगावर डोळ्यांसारखे ठिपके आणि मागच्या टोकाला काट्यासारखी शेपटी. बघून घाबरायला होतं, पण ती चावत नाही. ती एका मोठ्या पतंगाची अळी, आणि तेरडा तिचं अन्न. फवारा मारायचा नाही, चिमट्यानं काढायचीही नाही. ती दोन-तीन झाडं खाते आणि मातीत जाते. म्हणून मी चार झाडं जास्तच लावते. तिचा वाटा आधीच धरला की राग येत नाही.

रोपवाटिकेतला दुहेरी तेरडा शेजारी ठेवू नये. मधमाशी दोन्हीकडे फिरते आणि पुढच्या वर्षी मिश्र बी येतं. आवड असेल तर तो पुढच्या दारी, हा परसात. आणि तेरडा खायचा नाही, पानं भाजीत किंवा जनावरांच्या चाऱ्यात जाऊ देऊ नयेत.

बी धरायची वेळ साधावी लागते. बोंड फुगून फिकं पडलं की मलमलीचा तुकडा त्याच्याभोवती सैल बांधावा. फुटलं की बी कापडातच राहतं. सावलीत वाळवून, थोड्या राखेत घोळून, कागदाच्या पुडीत बांधावं आणि वर साल लिहावं. निम्मं बी मी झाडाच्या हवाली करते, त्याला उडवू दे हवं तिकडे. निम्मं पुडीत. झाड नंतर आपोआप वाळतं. ते कापावं लागत नाही, खणावं लागत नाही, खाली कंदही नसतो. आपल्या घरातल्या बाईला बिनघोर लावता येईल असं याच्याइतकं दुसरं फूलझाड मला माहीत नाही.

एक विनंती मात्र मनापासून आहे. कासला जाल तेव्हा तिथलं रोप आणू नका. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा मानलं. महाराष्ट्रातली त्यातली चार, कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. कास साताऱ्याचं, आणि चांदोलीचा काही भाग आपल्या सांगली जिल्ह्याचा. कासचा ठेंगणा तेरडा जांभ्या दगडावरच्या बोटभर मातीत, धुक्यात आणि तिथल्याच किड्यामाकोड्यांच्या संगतीत वाढतो. आपल्या कुंडीत तो आठ दिवसही राहत नाही, म्हणजे नुसताच एक जीव जातो. म्हणीतले तीन दिवस खरे करायचे असले तर तो मार्ग आहे. पठारावर फक्त बघावं, पायवाटेवरूनच चालावं. तेरडा घरी हवाच असेल तर घरी राहायची सवय असलेला तेरडा आहे. त्याला चारशे वर्षांचा अनुभव आहे.

या वर्षी ज्यांच्याकडे जुना एकेरी तेरडा असेल त्यांनी आश्विनात थोडं बी राखावं आणि एक पुडी दुसऱ्या गावातल्या बहिणीला, नणंदेला, सुनेच्या माहेरी द्यावी. नदीकाठच्यांनी डोंगराकडे, डोंगराकडच्यांनी नदीकाठी. पुडीवर साल आणि रंग लिहायला विसरू नका. माझ्याकडे यंदा गडद गुलाबी भरपूर आहे, पांढरा कमी.